तिरल्याच्या बंबाविषयी

तिरला, जि. धार
18 एप्रिल

ती. दादास,


तुझं पत्र आणि फोटोंचं पाकीट मिळालं. प्रत्येक फोटोच्या मागे गाव, साल, गाडीची बनावट आणि ती आता कोणाच्या कोठारात उभी आहे, हे तू नेमकं लिहिलं आहेस. तिकडे ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियातल्या खेड्यांनी आपापले जुने बंब असे जपून ठेवले आहेत हे वाचून फार बरं वाटलं. तुझी मागणी मात्र मला पुरी करता येत नाही. तू लिहितोस, 'तिरल्याच्या बंबाचा फोटो पाठव, जितका जुना तितका चांगला.' दादा, ग्रामपंचायतीच्या मालकीचा बंब ही आपल्याकडे फार विरळ गोष्ट. इथे आग लागली की बंबाची वाट धारकडे तोंड करूनच पाहायची.

तुमच्याकडे उलटं का झालं ते तूच मागे सांगितलं होतंस. जानेवारी 1939 च्या वणव्यांत 71 माणसं गेली, न्यायमूर्ती स्ट्रेटन यांची चौकशी झाली, पुढे 1944 मध्ये पुन्हा आगी लागल्या आणि 1945 मध्ये गावोगावच्या स्वयंसेवक दलांना एका छत्राखाली आणणारी तुमची संस्था उभी राहिली. गाड्या कुठल्या, तर युद्धातून उरलेले लष्करी ट्रक. त्यांच्यावर पाण्याची टाकी चढवली आणि 'ब्लिट्झ' म्हणून ते वर्षानुवर्षं गावांनी वापरले. तुझ्या पाकिटातल्या चपट्या तोंडाच्या ट्रकचा फोटो मी शाळेत मुलांना दाखवला. त्यांना तो फार आवडला.

आपल्याकडे आगीला धावणारी अशी माणसं नव्हती असं नाही. पण घटनेने आग विझवण्याची जबाबदारी गावाकडे दिलीच नाही. 1992 च्या घटनादुरुस्त्यांनी दोन याद्या केल्या. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत 18 विषय आहेत, त्यात सातवा अग्निशमन सेवा. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. शेती, सामाजिक वनीकरण, ग्रामीण घरं, इंधन आणि चारा, म्हणजे जळू शकेल असं सगळं त्या यादीत आहे. आग विझवणं त्यात नाही. मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा उलटसुलट करून पुन्हा पाहिली. अग्निशमन सल्लागार समितीचा निकष सांगतो की ग्रामीण भागात बंब वीस मिनिटांत पोचावा. तिरला तरी इंदूर-अहमदाबाद रस्त्यावर आहे. आमच्या तालुक्यातले आतले पाडे, फळ्या म्हणजे वस्त्या, डोंगरउताराची घरं यांच्यापर्यंत वीस मिनिटांत मोटरसायकलही पोचत नाही.

म्हणून मी ठरवलं की तुझ्या छंदाला इथलं रूप द्यायचं. माळव्यातल्या लहान नगरपालिकांच्या आवारात उभे असलेले जुने बंब बघत हिंडते आहे. परवानगी मागितली की बहुतेक ठिकाणी चालक मंडळी आनंदाने दाखवतात. कोणी या गाड्यांविषयी त्यांना कधी विचारलेलंच नसतं.

बंब वाचायचा कसा ते आता मला जमू लागलं आहे. आपल्याकडचा बंब दोन ठिकाणी जन्मतो. खालचा सांगाडा टाटाचा किंवा अशोक लेलँडचा, वरची टाकी, कपाटं आणि पंप बसवणारा कारखाना वेगळा. त्यामुळे पत्र्याच्या पट्ट्या निदान तीन शोधायच्या: सांगाड्याची, बांधणीची, पंपाची. तिन्हींवरची सालं जुळली तर गाडी मूळची. पंपाचं साल पुढचं असेल तर मधे कधीतरी पंप बदलला. टाटाचा जर्मन कंपनीशी करार 1954 ते 1969 होता, तेव्हा नाकावर चांदणी असलेला ट्रक मिळाला तर तो त्या काळातला समजायचा. नंबरप्लेटही बोलते. 1989 च्या आधीची तीन अक्षरांची, नंतरची एमपी-11 म्हणजे धार, एमपी-41 म्हणजे देवास, एमपी-09 म्हणजे इंदूर. देवासच्या एका गल्लीत मला एमपी-09 ची गाडी दिसली. मोठ्या शहराने वापरून झाल्यावर ती इकडे आली होती. दारावरचा रंग नखाने खरवडलेला असेल तिथे खालची अक्षरं दिसतात. कुठे 'नगर पंचायत' वर 'नगर परिषद' रंगवलेलं असतं, म्हणजे संस्थेचं नाव बदलल्याची खूणही त्या दारावर सापडते. अशा दाराचा मी जवळून, तिरप्या उन्हात फोटो घेते. समोरून घेतला तर खालची अक्षरं उमटत नाहीत.

पण खरा इतिहास लॉगबुकात आहे. कधी वर्दी आली, कुठल्या गावाहून, किती किलोमीटर, किती डिझेल, कारण काय, सगळं तिथे आहे. एका ठिकाणी मला जुनी लॉगबुकं बघायला मिळाली. पावसाळ्याची पानं जवळजवळ कोरी. दिवाळीला थोडी गर्दी. आणि मार्च-एप्रिलला गावांच्या नावांची रांग, एकाखाली एक, कारण बहुतेक एकच: शेतात आग. तारा घासून ठिणगी पडली, हार्वेस्टरखाली काड पेटलं, कोणी नरवाई म्हणजे कापणीनंतर उरलेले खुंट जाळले आणि वारा फिरला. ती पानं वाचताना माळव्याचा नकाशा डोळ्यासमोर उभा राहतो. गाडी भंगारात निघाली की ही पुस्तकंही रद्दीत जातात, म्हणून मी आता गाडीआधी लॉगबुक मागते.

घाई करण्याचं कारण आहे. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांपेक्षा जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते. नगरपालिकांच्या गाड्याही त्यात आल्या. सवलत आहे ती संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास वाहनांना. बंबाचं चालणं मुळात थोडं असतं, त्याचं इंजिन पंधराव्या वर्षीही कितीतरी ट्रकांपेक्षा ताजं असतं. नवे बंब हवेतच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. केंद्राने त्याच वर्षी राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5000 कोटींची योजना आणली, तीही स्वागताचीच. पण भंगारात जाण्याआधी एक तरी फोटो, पट्ट्यांची नक्कल आणि लॉगबुक ठेवून घ्यावं, एवढी गोष्ट कुठल्याच नियमात नाही. ती तुझ्या-माझ्यासारख्यांनीच करायची आहे.

आता गव्हाच्या आगीचं सांगते, कारण त्याशिवाय तुला इथलं चित्र कळणार नाही. दुपारचा वारा, पिकलेला गहू, आणि धूर दिसला की पहिला फोन वीज कंपनीच्या माणसाला, लाइन बंद करायला. दुसरा धारला. तिसरा फोन करावा लागत नाही. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे तो कल्टिव्हेटर जोडून निघालेला असतो. आगीच्या पुढे जाऊन, वाऱ्याची दिशा बघून, उभ्या पिकातून नांगरट करत काळ्या मातीचा पट्टा काढायचा. ते पीक स्वतःचं असो की शेजाऱ्याचं, त्या वेळी कोणी विचारत नाही. मागून बायका आणि पोरं कडुनिंबाच्या, पळसाच्या ओल्या फांद्यांनी कडा झोडपतात. औषध फवारायचे पाठीवरचे पंप पाण्याने भरून येतात. आणि लग्नाला, पिण्याला, बांधकामाला पाणी पुरवणारे टँकर वळून शेताकडे धावतात.

बंब येतो तेव्हाही हे टँकर लागतातच. त्याचं गणित सोपं आहे. साधारण बंबात 4500 लिटर पाणी असतं. पंप मिनिटाला 1800 लिटर फेकू लागला तर अडीच मिनिटांत टाकी रिकामी. नळी बारीक करून, हात राखून वापरलं तरी दहा-पंधरा मिनिटं. पुढे काय? नळ इथे नाही, तळं उन्हाळ्यात आटलेलं. मग गावचा टँकर बंबाशेजारी उभा राहतो, त्याच्या मागे दुसरा, आणि विहिरीपासून शेतापर्यंत त्यांची ये-जा सुरू होते. लाल गाडीचा एकटीचा फोटो काढला तर ही अर्धी यंत्रणा फोटोबाहेर राहते. म्हणून दादा, तिरल्याच्या बंबाचा फोटो म्हणून मी तुला निळ्या रंगाच्या, गंजलेल्या टँकरचा फोटो पाठवते आहे, मागे ट्रॅक्टरची जळक्या काडाने काळी झालेली चाकं दिसतील. हाच आमच्या गावचा स्वयंसेवक बंब. त्याच्या मालकाचं नाव, त्याने टँकर कधी घेतला आणि तो किती आगींना गेला, हे सगळं मी त्याच्याकडून उतरवून घेतलं आहे. नाव तुला फोनवर सांगेन, कागदावर नको.

चार दिवसांपूर्वी अग्निशमन दिन झाला. इथल्या रस्त्यांवर त्या दिवशी महूकडे जाणाऱ्यांची रीघ असते, बाबासाहेबांच्या जयंतीची. पण मुलांना मी, ज्यावरून अग्निशमन दिन पाळतात ती, मुंबईच्या गोदीतली 14 एप्रिल 1944 ची गोष्टही सांगितली. 'फोर्ट स्टिकिन' जहाजात कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला, आग विझवायला गेलेले 66 जवान स्फोटात गेले. त्या दुपारी गोदीत आधी पोचलेल्या साधनांत ट्रेलर पंप होते: दोन चाकांवरचा पंप, कुठल्याही गाडीमागे जोडायचा. युद्धकाळात लंडनमध्ये हेच पंप ओढायला टॅक्स्या लावल्या होत्या.

माझं मन तिथेच अडकलं आहे. शहराला मोठा बंब शोभतो, पण आमच्या पाड्यांच्या वाटांना ट्रॅक्टरमागे ओढायचा ट्रेलर पंपच हवा. ट्रॅक्टर प्रत्येक फळीत आहे, टँकर आहेत, चालवणारे हात आहेत. नाही तो जोर लावणारा पंप, शंभर-दोनशे मीटर नळी आणि चार माणसांना शिकवणारं कोणी. पुणे-नाशिककडे ग्राम सुरक्षा यंत्रणेत एका फोनवर गावातल्या सगळ्यांना एकदम निरोप जातो, तसा निरोपही इथे हवा. नागपूरला 1957 पासून राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे, तिथून शिकून आलेला कोणी धारमध्ये भेटतो का, हे मी शोधते आहे.

तुझ्याकडून मला पुढच्या खेपेला चकचकीत बंब नकोत. तिथले शेतकरी आपल्या छोट्या ट्रकच्या मागे टाकी आणि पंप बसवून ठेवतात असं तू लिहिलं होतंस. त्यांचे फोटो पाठव, शेतातले, चिखल लागलेले. टाकी किती लिटरची, पंप किती अश्वशक्तीचा, नळी किती लांब आणि किती जाड, पाणी ओढायची गाळणी कशी बांधलेली, सगळी मापं मीटरमध्ये लिही. जुन्यातला जुना कोणाकडे आहे ते विचार आणि त्याने तो स्वतः बनवला असेल तर कसा, तेही. ग्रामसभा मेच्या पहिल्या आठवड्यात आहे. कागद त्याआधी आला तर सरपंचांना दाखवता येईल, आणि गावातल्या वेल्डरला मी आधीच सांगून ठेवलं आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
शुभा