घाईचा भाव

अर्थशास्त्र हा शब्द कानी पडताच आपल्या खेडवळ मनासमोर मोठमोठे आकडे, सरकारी अंदाजपत्रके आणि न उमगणारी भाषणे उभी राहतात. हा विषय शहरातील विद्वानांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून आपण पान उलटतो. वास्तविक पाहता, जो माणूस आठवड्याच्या बाजारी पायलीभर तांदूळ विकतो किंवा विकत घेतो, तो या शास्त्राच्या अंगणातच उभा असतो. अर्थशास्त्रज्ञाचे वेगळेपण त्याच्या आकड्यांत नसून प्रश्न विचारण्याच्या रीतीत आहे. भाव चढला वा पडला की आपण विचारतो, "यात लबाड कोण?" तो आधी विचारतो, "कोणाजवळ काय अधिक होते, कोणाला कशाची निकड होती, आणि थांबणे कोणाला परवडत होते?" हा तिसरा प्रश्न मला आपल्या शेतकरी कुटुंबांच्या फार जिव्हाळ्याचा वाटतो.

याचे एक उत्तम उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. आर. ए. रॅडफर्ड नावाचा एक इंग्रज तरुण युद्धापूर्वी केंब्रिज येथे अर्थशास्त्र शिकत होता. लढाईत तो शत्रूच्या हाती सापडला आणि प्रथम इटलीतील व पुढे जर्मनीतील युद्धकैद्यांच्या छावणीत त्याला दिवस काढावे लागले. सुटकेनंतर, १९४५ च्या नोव्हेंबरात, 'इकॉनॉमिका' या नियतकालिकात त्याने त्या छावणीच्या बाजाराविषयी एक लेख लिहिला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो लेख आजही वाचायला देतात.

छावणीत कोणी नांगर धरीत नव्हते की माग चालवीत नव्हते. रेड क्रॉसकडून येणारी शिध्याची पुडकी सर्वांना जवळजवळ सारखीच मिळत: डब्यातले दूध, लोणी, मुरंबा, बिस्किटे, चॉकलेट, साखर आणि सिगारेटी. सर्वांना सारखेच मिळाले, मग देवघेव कशाला? पण माणसे सारखी नसतात. ज्याला धूम्रपानाचे व्यसन नव्हते त्याने आपल्या सिगारेटी मित्राला दिल्या आणि त्याचे चॉकलेट घेतले. छावणीतील मालात एका कणाचीही भर पडली नाही, तरी दोघांच्याही पदरात आधीपेक्षा मोलाचे काही पडले. सौद्यात एकाचा लाभ म्हणजे दुसऱ्याची हानी, असा जो आपला समज असतो, तो इथेच सैल होतो. पुढे सिगारेट हेच तेथले चलन झाले आणि प्रत्येक वस्तूचा भाव सिगारेटींत बोलला जाऊ लागला.

प्रारंभीच्या एका तात्पुरत्या छावणीत एका पाद्रीसाहेबांची गोष्ट सर्वांच्या तोंडी होती. चीजचा एक डबा आणि पाच सिगारेटी घेऊन ते फेरी मारायला निघाले. एका ठिकाणी स्वस्त घ्यावे, दुसऱ्या ठिकाणी महाग द्यावे, असे करीत ते आपल्या खाटेपाशी परतले, तेव्हा मूळचा डबा आणि सिगारेटी शाबूत होत्याच, वर एक संपूर्ण पुडके हाती होते! छावणीच्या एका भागातला भाव दुसऱ्या भागाला ठाऊक नव्हता, एवढेच त्यामागचे रहस्य. पुढे कायमच्या छावणीत मागणी व विक्रीच्या चिठ्ठ्या लावण्यासाठी एक फळा झाला आणि सर्वत्र भाव जवळजवळ एक झाले. आपल्या देशाचे शीख सैनिकही तेथे कैदेत होते. उर्दू जाणणाऱ्या एका गृहस्थाने त्यांच्याकडून मांस घेऊन बदल्यात लोणी व मुरंबा देण्याचा व्यापार आरंभिला. त्याचे बरे चालले आहे असे दिसताच इतरही त्यात शिरले, आणि भावातील तफावत ओसरली. घेणारे अनेक झाले म्हणजे मधल्या माणसाचा वाटा आपोआप आटतो, हा यातील धडा.

पण मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती पावाची हकिकत. पाव सोमवारी आणि गुरुवारी, असा तीन-चार दिवसांचा एकदम वाटला जाई. पुष्कळांचा तो आधीच संपे. मग बुधवारी आणि रविवारी रात्री त्याचा भाव सातावरून आठ सिगारेटींवर जाई. एक कैदी मात्र दर वेळी एक वाटा राखून ठेवी. फळ्यावर इतरांच्या चिठ्ठ्या असत "सोमवारचा पाव" म्हणून. याची एकट्याची असे "पाव, आत्ता". तोच पाव, तेच वजन. वाढीव सिगारेट होती ती थांबण्याची. रॅडफर्ड सांगतो की रविवारी रात्री त्या गृहस्थाला सिगारेट कधी कमी पडली नाही.

हे वाचताना मला आमच्या खानापूर तालुक्यातील भात आठवते. कार्तिकात खळी उठली की घरोघरी देणी उभी राहत: मजुरी, वाण्याची उधारी, मुलांची फी, नाताळचे कपडे. साऱ्या गावाच्या गाड्या एकाच आठवड्यात बाजाराला लागत आणि भाव पडत असे. आषाढ-श्रावणात कणग्या रिकाम्या होत, आणि ज्याला भात विकले त्याच्याच दुकानी तांदूळ चढ्या भावाने घ्यावा लागे. मग ओट्यावर बसून आम्ही त्याला रक्तपिपासू म्हणत असू.

माझी आई शाळेत गेली नव्हती. पण दरसाल दोन पोती भात कणगीत घालून ती तिचे तोंड शेणाने लिंपून टाकी. एका वर्षी थोरल्या बहिणीच्या फीची मुदत आली आणि बाबा तीही पोती काढू लागले. आई म्हणाली, "अहो, हा भाताचा भाव नव्हे, हा आपल्या घाईचा भाव आहे. आज फी भरेल. पण श्रावणात पोरांच्या ताटात काय वाढू?" बाबा म्हणाले, "आणि फी न भरल्यामुळे पोरगी घरी बसली तर?" दोघांचेही खरे होते. शेवटी कोंबड्या बाजारात गेल्या, शाळेने फी दोन हप्त्यांत घेण्याचे मान्य केले, आणि कणगी मिटलेली राहिली. त्या वर्षी आमच्या घरी अंडे दिसले नाही. एक गोष्ट राखायची तर दुसरी सोडावी लागते, आणि सोडलेली वस्तू हीच राखलेल्या वस्तूची खरी किंमत होय, हे अर्थशास्त्राचे पहिले सूत्र मला त्या घरात मिळाले.

याच न्यायाने व्यापाऱ्याचा हिशेबही मांडला पाहिजे. माल राखण्यात त्याचे पैसे अडकतात, उंदीर व ओल आपला वाटा नेतात, आणि श्रावणात भाव चढेलच अशी हमी कोणी देत नाही. छावणीतही मधल्या माणसाचा सर्वांना राग असे. त्याचे कष्ट कोणी जमेस धरीत नसे. तेव्हा त्याच्या सर्वच नफ्याला पाप म्हणणे न्यायाचे नाही. परंतु गावात घेणारा एकच असेल, आणि आपले कर्जही त्याच्याच वहीत असेल, तर दुसरे दार आपल्याला उघडे नसते. तेथील भाव बाजाराचा नसतो, नाइलाजाचा असतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी हा भेद नेमका ओळखला होता. दुष्काळी प्रांतात धान्य आणणाऱ्या व्यापाऱ्याला मागून आणखी धान्य येत आहे हे ठाऊक असले, तरी चालू भावाने विकण्यात तो अन्याय करीत नाही, असे ते म्हणतात. मात्र ती वार्ता त्याने सांगितली किंवा भाव उतरवला, तर तो अधिक सद्गुणी ठरेल. पण ग्राहकाची विशेष गरज पाहून किंमत वाढवणे त्यांना मान्य नाही. कारण ती गरज ग्राहकाची आहे, विक्रेत्याची नव्हे, आणि जे आपले नाही ते विकण्याचा हक्क कोणास नाही.

म्हणून उपाय केवळ शिव्याशापांत नाही. थांबण्याचे बळ मिळवण्यात आहे. एकट्या घराचे बळ दोन पोत्यांपुरते, पण गावाचे मोठे असते. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि दुसऱ्याच वर्षी तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील, आजच्या गदग जिल्ह्यातील, कणगिनहाळ या खेड्यात शेतकऱ्यांची पतसंस्था उभी राहिली. २००७ च्या गोदामविषयक कायद्याने नोंदणीकृत गोदामाच्या पावतीला कायदेशीर पत दिली आहे. माल गोदामात ठेवावा, पावती तारण ठेवून कर्ज घ्यावे, आणि भाव आला म्हणजे विकावे. व्याज आणि भाडे द्यावे लागते, हे विसरू नये. थांबणे फुकट नसते.

यंदा खळे उठेल तेव्हा गाडी जुंपण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात: आज विकले नाही तर कोणते देणे खरोखर अडते? राखले तर व्याज, भाडे आणि नासाडी मिळून किती जाईल? आणि आपल्या मालाला घेणारे किती आहेत? उत्तर कधी विकण्याच्या बाजूने येईल, कधी राखण्याच्या. आणि घेणारा एकच आहे असे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले, तर तो कागद घेऊन शेजारच्या घरी जावे; कारण त्याच्या कागदावरही बहुधा तेच लिहिलेले असेल.