ऐकू येतं, पण कळत नाही

दूरदर्शन संचाला पूर्वी पोट असे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, तेव्हा आणि नंतरही बरीच वर्षं हा संच दिवाणखान्यात एखाद्या सुखवस्तू मामलेदारासारखा बसलेला असायचा. चित्र त्याचं, आवाज त्याचा, पुढची लाकडी दारंही त्याचीच. बिघडला तर सगळाच बिघडायचा आणि डोक्यावर एक थाप बसली की सगळाच सुधारायचा. थोडक्यात, ते एकत्र कुटुंब होतं.

आता वाटण्या झाल्या आहेत. टीव्ही इतका सडपातळ झालाय, की त्याच्या अंगात धड स्पीकरला जागा उरलेली नाही. जे दोन टीचभर असतात, ते बहुधा खाली किंवा मागे तोंड करून भिंतीशीच बोलतात. म्हणून आवाजाची वेगळी चूल मांडावी लागते. तिला साउंडबार म्हणतात. सोबत सबवूफर नावाचा एक ठोकळा मिळतो. त्याचं काम फक्त खर्जात घुमणं. सिनेमे तिसऱ्याच एका डबीत असतात. ती ते इंटरनेटवरून ओढते. तीन भाऊ, तीन रिमोट, आणि मधे वायरीपुरता संबंध!

आमच्याकडे हा संसार मांडायला दुकानातला मुलगा आला. त्यानं भराभर वायरी खुपसल्या, आपल्या मोबाइलवरचं एक गाणं ब्लूटूथनं बारमधून वाजवून दाखवलं आणि "झकास ना, काका?" असं विचारून, मी उत्तर देण्यापूर्वी जिना उतरला. संध्याकाळी सिनेमा लावला, तर बारचा दिवा छान पेटलेला आणि आवाज मात्र टीव्हीच्या पाठीतून. बारच्या अंगात वायरीतून काही येतच नव्हतं. जेवायला बोलावलेल्या पाहुण्यानं नुसतं पान पुढ्यात घेऊन बसावं, तसा तो बसला होता.

आमच्या शेजारी एक निवृत्त इंजिनिअर राहतात. दुसऱ्याच्या घरातला बिघाड हे त्यांचं निवृत्तिवेतन. ते टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागे गेले आणि तिथूनच म्हणाले, "भोक चुकलंय!"

टीव्हीच्या पाठीला एचडीएमआयची तीन-चार भोकं असतात. दिसायला सारखी, पण एकाच्या शेजारी बारीक अक्षरांत 'एआरसी' लिहिलेलं असतं. बाकीच्या भोकांतून आवाज नुसता आत जातो. या एकाच भोकातून तो परत बाहेर येऊन बारपर्यंत पोचतो. ही सोय २००९ साली निघाली. एरवी माजघराला दारं कितीही असोत, धुणं वाळत घालायला बाहेर पडायचं ते परसदारानंच! वायर त्या परसदारी लावली, टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'बाहेरचा स्पीकर' निवडला, आणि बार गरजला.

गरजला म्हणजे किती? पडद्यावर मोटार उडाली तेव्हा कपाटातल्या बशा थरथरल्या. पण ती कुणी आणि का उडवली, हे नायिकेनं सांगितलं ते एकालाही कळलं नाही. शिवाय तिचे ओठ मिटल्यावर शब्द यायचे. हिनं रिमोट हातात घेतला. संवादाला आवाज वर, मारामारीला खाली. पेटीच्या भात्यासारखा हिचा अंगठा चालला होता.

"अरे, ऐकू येतं, पण कळत नाही," नानांनी निकाल दिला. नाना म्हणजे माझे वडील, वय वर्षं ८१.

इंजिनिअरसाहेब पुन्हा आले. डबी आवाज सहा वाटांनी पाठवत होती. त्यातली मधली वाट संवादांची. आमच्या बारला मुळात दोनच वाटा, डावी आणि उजवी. सहांचा माल दोहोंत कोंबताना बिचारा मधला दबत होता. त्यांनी डबीत 'स्टिरिओ' आणि 'पीसीएम' निवडलं, बारवरचं संवादाचं बटण दाबलं, ठोकळ्याचा खर्ज उतरवला. ओठ आणि शब्दही जुळले. "नशीब तुमचं," ते म्हणाले. "आवाजाला थांबवून ठेवता येतं, पण मागे पडलेल्याला पुढे ढकलता येत नाही."

आम्हां सगळ्यांना शब्दन् शब्द कळू लागला. नाना तेवढे पडद्याकडे बघत राहिले. "आता कळतंय ना?" मी विचारलं. "हो हो," ते म्हणाले, आणि भलत्याच ठिकाणी हसले.

गेली दोन वर्षं नाना संध्याकाळच्या कट्ट्यावर जात नव्हते. गुडघे दुखतात म्हणायचे. गुडघे दुखणारा माणूस रोज तीन जिने उतरून दूध कसं आणतो, हा प्रश्न घरात पहिल्यांदा त्या रात्री निघाला.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा आलेख दाखवला. रेघ डावीकडे ठीक, उजवीकडे घाटासारखी उतरलेली. वयाबरोबर कान वरच्या पट्टीपासून विझत येतात, त्या म्हणाल्या. स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट, ते पोचतात. स, त, क, फ ही मंडळी वरच्या पट्टीतली आणि नाजूक. ती वाटेतच हरवतात. म्हणजे 'साखर' आणि 'खापर' यांतला फरक ओळखायचा तो अंदाजानं! "तुम्हाला ऐकू येतं, पण कळत नाही, असंच होतं ना?" त्यांनी विचारलं. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून नाना चमकले.

यंत्राला मात्र त्यांचा कडवा विरोध. "मी काय टीव्ही आहे, मला डबी जोडायला?" शेवटी नात म्हणाली, "नाना, तुमचं भोक बरोबर आहे हो. फक्त सेटिंग करायचंय." ते हसले. या वेळी बरोबर ठिकाणी.

बाईंनी संगणकावरून फक्त वरच्या पट्ट्या वाढवून दिल्या. घरी आल्यावर मी कौतुकानं सिनेमा लावला. नानांनी हात वर करून तो बंद करायला लावला आणि भिंतीकडे बघत बसले.

"हे घड्याळ कधी दुरुस्त केलंत?" त्यांनी विचारलं.

ते कधी बंदच पडलं नव्हतं.