कौलांखालचं लाकूड

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हा आमच्या दापोली तालुक्यात बहुतेक घरांची शाकारणी नुकतीच उरकली होती. मृग तोंडावर आलेला. दुपारी वारा उतरला आणि बाहेर येऊन पाहिलं, तर समुद्राकडच्या पाख्यावरची बरीचशी कौलं अंगणात आणि विहिरीच्या काठावर फुटून पडली होती. भिंती उभ्या होत्या, आढं जागेवर होतं, पण माजघरातून आभाळ दिसत होतं.

तो पावसाळा आम्ही ताडपत्रीखाली काढला. टाळेबंदीत कौलं मिळेनात आणि मिळाली तरी चढवायला माणूस मिळेना. गावात अनेकांनी लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घातले. त्यांना मी नावं ठेवणार नाही. वानरांनी दरवर्षी कौलं फोडायची आणि घरात राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांनी ती दरवर्षी बदलायची, हे कुठवर चालणार? आम्हालाही सगळ्यांनी पत्र्याचाच सल्ला दिला. मी मात्र पाऊस सरेपर्यंत थांबले. आधी लाकूड तपासायचं, मग ठरवायचं.

दिवाळीनंतर सुतार आले. ते थेट माळ्यावर चढले, हातात फक्त पटाशी. प्रत्येक वाशाचं भिंतीवर टेकलेलं टोक ते पटाशीने टोचून बघत होते. ऐनाच्या जुन्या वाशांवर पटाशी जेमतेम रुतायची. एका वाशात मात्र ती पात्यासकट आत गेली. बाहेर काढताच पिवळा भुसा भुरभुर सांडला. वरून तो वासा अगदी धडधाकट दिसत होता.

“वैनी, कौलं वाऱ्याने गेली हे खरं,” ते म्हणाले, “पण सगळ्यात जास्त कुठली गेली ते बघा. वासा पोकळ झाला की खिळा धरत नाही. खिळा सुटला की रीप हलते, आणि रीप हलली की वरचं कौल कशाच्या जिवावर राहणार?”

वाशाच्या टोकाशी भिंतीची ओल लागते आणि तिथे वारा खेळत नाही, म्हणून कुजायला तिथूनच सुरुवात होते. असे कुजके वासे सोडले तर आमचे बाकीचे शाबूत निघाले. सगळं छप्पर मोडीत काढण्याचं कारणच उरलं नाही. कुजके वासे काढून किंजळाचे नवे घातले, समुद्राकडच्या पाख्याच्या सगळ्या रिपा बदलल्या आणि लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल पाजलं. वाळवी आणि भुंगा दोघेही त्याला बिचकतात.

मग कौलांची निवड. जुनं कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने ठोकायचं. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बाजूला काढायचं, कारण डोळ्यांना न दिसणारी चीर आवाजात कळते. काही कौलांच्या पाठीवर बासेल मिशनचा छाप आणि १८६५ हे साल निघालं. मंगळूरला त्या मिशनने कौलांचा कारखाना काढला ते हे साल. कौलं त्यानंतरची, पण वाजवली तर आजही खणखणीत.

एक गोष्ट आवर्जून सांगते. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसतीलच असं नाही. खाचेत सुताएवढा फरक असला तरी तिथून पाणी शिरतं. म्हणून जुनी कौलं एका पाख्यावर आणि नवी दुसऱ्यावर अशी वाटणी केली. नव्या कौलांच्या रिपा ठोकताना अंतर फुटपट्टीने न ठरवता प्रत्यक्ष कौल बसवून ठरवलं. मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचं. ते खालच्या नाकाने रिपेला अडकतं आणि आपल्या वजनानेच टिकून राहतं. वारा शिरतो तो वळचणीकडून, आणि खालून उचलतो. म्हणून वळचणीच्या आणि कडेच्या ओळी तारेने रिपांना बांधून घेतल्या.

गळतीबद्दलही एक समज पक्की झाली. पाणी ठिबकतं तिथेच कौल फुटलेलं असतं असं नाही. ते वाशावरून घरंगळत येतं आणि भलत्याच जागी पडतं. कधी तर कौल अखंडच असतं. झाडाचा पाला खाचेत साचतो, पाणी तुंबतं आणि कडेवरून आत उतरतं. आमच्या फणसाची पाख्यावर झुकलेली फांदी आता दरवर्षी उतरवतो.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस जिथे पडतो, तिथे कोणतंच छप्पर एकदा घालून विसरता येत नाही. पत्राही गंजतो, त्याचेही स्क्रू सैल होतात. दुरुस्तीनंतर, २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्यालगत गेलं. आमची काही कौलं सरकली, पण पाखं जागेवर राहिलं.

तुमचं गावाकडचं घर कौलारू असेल, तर मे महिन्यात आंबे खायला जाल तेव्हा बॅटरी घेऊन एकदा माळ्यावर चढा. वाशांची टोकं टोचून बघा, जमिनीवर पिवळा भुसा पडलाय का बघा, भिंतीवर वाळवीची मातीची रेघ शोधा. फुटलेलं कौल भर पावसातही बदलता येतं, कुजलेला वासा नाही. ते काम मृगाआधीच करून घ्या.