मोती आणि बिस्किटांचा पुडा

मोती श्रावणात गेला, गोचीड तापाने. पेणला पावसाळ्यात गोचिडींचा सुळसुळाट असतो, हे मला ठाऊक होतं. गोचीड चावली की जंतू रक्तात शिरतात. कुत्रं मलूल होतं, खाणं सोडतं, हिरड्या पांढुरक्या पडतात. मोती भाकरीला तोंड लावेना, तेव्हा मी म्हटलं, पावसाने मरगळलाय, होईल बरा. नाकातून रक्त आलं तेव्हा धावाधाव केली. वेळेवर रक्त तपासलं तर गोळ्यांनी बरीच कुत्री वाचतात, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्याच नावाने मी कितीतरी दिवस बोटं मोडली. उशीर माझ्याकडून झाला होता.

ही चूक दुर्लक्षाने घडली. पुढचं सगळं मी समजून-उमजून केलं.

मोती गावठीच. गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात दुपारभर पडून राहायचा आणि संध्याकाळी पाठीवर प्लास्टरची पांढरी पूड घेऊन घरी यायचा. माझी आठ वर्षांची मुलगी ओल्या फडक्याने त्याला पुसायची. तिच्या हाताखाली तो जराही हलायचा नाही.

त्या दिवशी ती शाळेत गेली आणि थोड्या वेळाने मोतीने प्राण सोडला. ती यायच्या आत सगळं उरकायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. भोगावती नदीच्या अंगाला एका मित्राचं शेत आहे, तिथे भर पावसात खड्डा खणला, मीठ टाकलं, माती लोटली. घरी येऊन त्याचा पट्टा, जर्मनची ताटली, झोपायचं गोणपाट कचऱ्याच्या गाडीत दिलं, फरशी फिनेलने पुसली. दुपारी मुलीला सांगितलं, ‘मोतीला आजीकडे रोह्याला ठेवलंय. तिथे त्याला मोकळी जागा आहे.’

सात-आठ वर्षांच्या मुलांना मेलेलं परत येत नाही हे बहुधा कळतं. तिला खरं पेललं असतं. मला ते सांगवत नव्हतं.

मी धाटावच्या एमआयडीसीत नोकरीला. सकाळच्या गाडीने कासू, नागोठणं करत रोह्याला जातो. मुलगी रोज विचारायची, ‘आज आजीकडे जाणार?’ आणि डब्याच्या पिशवीत बिस्किटांचा पुडा ठेवायची. ती बिस्किटं मी कंपनीच्या गेटवरच्या कुत्र्यांना घालायचो आणि रात्री सांगायचो, ‘खाल्ली त्याने.’

कंपनीतही खोटंच. रजेच्या अर्जात ‘ताप’ लिहिलं. कुत्र्यासाठी रडतोस का, असं कुणी विचारलं असतं तर मान वर करता आली नसती. जे दुःख चारचौघांत मांडायची सोय नसते, त्यावर अमेरिकेतल्या केनेथ डोका यांनी 1989 मध्ये पुस्तक काढलं; पाळीव जनावराचं दुःख त्याच जातीचं. आणि आमच्या जिल्ह्यात तर रायगडावर शिवाजी महाराजांच्या समाधीशेजारी 1936 सालचं वाघ्या कुत्र्याचं स्मारक उभं आहे. वाघ्याला समकालीन पुरावा नाही, असं अनेक अभ्यासक म्हणतात आणि त्यावरून वादही पेटले. पण कुत्र्याच्या निष्ठेसाठी दगड उभा करावासा माणसांना वाटला, एवढं खरं. मी मात्र मोतीच्या जागेवर साधा धोंडाही ठेवला नव्हता.

गणपती झाल्यावर मी एक पिल्लू आणलं. मुलीने हात लावला नाही. ‘मोती परत आला की त्याला काय वाटेल?’

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांची पालखी असते. त्यासाठी आम्ही आईकडे गेलो. फोनवर मी आईला गप्प राहायला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, ‘पोरीशी असं खोटं बोलू नये रे.’ मुलगी उंबऱ्यातून थेट परसात गेली. विहिरीमागे, लाकडांच्या माचाखाली, शेजारच्या गोठ्यात वाकून बघत राहिली. हातात पुडा. हाका मारून मारून आवाज बसला तिचा. शेवटी आईनेच तिला ओटीवर जवळ घेऊन सांगितलं.

ती तेव्हा रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मग बिस्किटं कोण खात होतं?’

पुढच्या रविवारी तिला शेतावर नेलं. गवत कमरेएवढं वाढलेलं, खूण काहीच नाही. अंदाजाने एका जागी थांबलो. तिथे ती रडली, आणि मीही तिच्यासमोर पहिल्यांदाच रडलो. पिल्लाला त्यानंतर तिने जवळ घेतलं; त्याचे कान, बोटांमधल्या फटी गोचिडींसाठी आता मी रोज तपासतो. माझं कुठलंही सांगणं मात्र ती अजून आजीला विचारून खरं-खोटं करून घेते.

तुमच्या घरचं जनावर गेलं आणि मूल शाळेत असेल, तर थांबा. ते येईपर्यंत खड्डा बुजवू नका. त्याच्या हाताने मूठभर माती पडू द्या, वर एक दगड ठेवा आणि पट्टा तेवढा घरात राहू द्या.