चाकोरी, वाफसा आणि दोन फळ्या

‘चाकोरी’ हा शब्द आपल्या समीक्षेत बहुधा दूषण म्हणूनच येतो. एखाद्या कवीला चाकोरीबाहेरचा म्हटले की त्याचा गौरव झाला. चाकोरीतला म्हटले की त्याचा निकाल लागला. शब्दाचा मूळ अर्थ मात्र चाकांनी रस्त्यात पाडलेली वाट एवढाच आहे, आणि नेवासा-शेवगावकडच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला त्यात निंदा दिसत नाही. चाकोरी पावसाळ्यात चिखलाने भरते खरी, पण अनेक गाड्यांनी दाबलेला तिचा तळ घट्ट असतो. तिच्याबाहेर गेलेले चाक आसापर्यंत रुतते. आम्ही जुन्या व्हॅनमध्ये झोपण्याची आणि चुलीची सोय करून घेतली व रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या, ज्यांना बाजारात ‘रिकव्हरी बोर्ड’ म्हणतात, निवडायला बसलो, तेव्हा हा अर्थभेद एकाएकी व्यवहाराचा झाला.

जायचे होते नाथसागराच्या काठी. जायकवाडीचे धरण १९७६ साली पूर्ण झाले आणि त्याचा फुगवटा पैठणहून अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या शेवगाव-नेवासा तालुक्यांपर्यंत पोहोचला. हिवाळा सरू लागला की पाणी मागे हटते, उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात, उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. हा गाळ वरून भेगाळलेला आणि कोरडा दिसतो. खाली ओल टिकून असते. आमची गाडी सामानासकट तीन टनांच्या आसपास, आणि इंजिनाची ओढ फक्त मागच्या दोन चाकांना.

या फळ्यांचा जन्म वाळूतला आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९२० नंतरच्या दशकात ईजिप्त-लिबियाच्या वाळवंटात मोटारी नेल्या, त्या रुतल्या की चाकाखाली पोलादी पन्हळी घालून. पुढे १९४० साली त्याने उभारलेल्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’च्या ट्रकांवर अशाच पन्हळी लटकत असत. आजच्या नायलॉनच्या, दातेरी, भडक रंगाच्या फळ्या त्यांच्याच वारसदार. साधारण सव्वा मीटर लांब, फूटभर रुंद. भार पसरवायचा आणि चाकाला पकड द्यायची, एवढेच त्यांचे काम. कोरडी वाळू दातांत अडकून राहत नाही; फळी झटकली की मोकळी होते.

काळी माती असे करीत नाही. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या या मातीतले चिकणखनिज आपल्या थरांमध्ये पाणी शोषून फुगते. ओली झाली की ती टायरच्या खाचा भरून चाक गुळगुळीत करते, फळीचे दात बुजवते, आणि फळी काढू जावे तर खालून धरून ठेवते. म्हणून निवडीचे आमचे निकष जाहिरातींहून निराळे ठरले. दात दाट नकोत, विरळ आणि उंच हवेत. चिखल आरपार निघून जाईल अशी भोके हवीत. हात चिखलाने माखलेला असताना धरता येईल एवढी मोठी मूठ हवी. स्वस्त प्लास्टिक नको, कारण चाक जागच्या जागी गरगरले की घर्षणाने दात वितळतात. फळीच्या टोकाला बांधायला रंगीत दोरी हवी, नाहीतर ती गाळातच हरवते. सोबत फावडे अनिवार्य; चाकापुढची माती उकरून फळीचे टोक चाकाखाली सरकवल्याशिवाय ती चढू देत नाही. आणि गाडी निघताना मागे कोणी उभे राहायचे नाही, कारण फळी उसळून मागे फेकली जाऊ शकते.

दोन घ्यायच्या की चार, यावर घरात वाद झाला. चार असतील तर गाडी पुन्हा न रुतता पुढे नेता येईल, असे पत्नीचे म्हणणे होते. वडिलांना मुळात फळ्याच पटत नव्हत्या. त्यांच्या काळी बाभळीचे फाटे, गोणपाट, उसाचे पाचट चाकाखाली जाई, आणि तेही अपुरे पडले तर शेजारच्या रानातली बैलजोडी येई. “माणसं असताना फळ्या कशाला?” हा त्यांचा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. कोणावाचून अडू नये म्हणून विकत घेतलेली ही वस्तू आपल्याला शेजाऱ्यापासून तोडते, असे मलाही क्षणभर वाटले. पण गाळपेरीच्या दिवसांत ज्याचा ट्रॅक्टर आपण हाक मारून बोलावणार, त्याचे काम खोळंबते. आणि ओढाओढीत ज्या रानात खोल चर पडतात, ते रान आपले नसते. हे सांगितल्यावर वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “घे मग. पण आधी वाफसा बघत जा.”

वाफसा: पेरणी-नांगरणीला योग्य अशी, ना ओली ना सुकी, जमिनीची अवस्था. शेतकरी मूठभर माती दाबून ती ओळखतो. वाफसा नसेल तर स्वतःच्याच रानात औत घालत नाही. मी चाळलेल्या एकाही माहितीपत्रकात या अर्थाचा शब्द नव्हता. तिथे प्रत्येक भूमी जिंकण्यासाठी पडलेली असते, आणि प्रश्न उरतो तो साधनाचा. आपल्या भाषेने मात्र जमिनीच्या होकारालाच नाव दिले आहे.

आम्ही दोनच फळ्या घेतल्या. चार असत्या तर वाफसा न पाहताच गाळात आणखी आत जाण्याचा मोह झाला असता. दोन फळ्या मागे फिरण्यापुरत्या पुरेत. चाकोरीबाहेर जाण्याचे कौतुक वर्गात शिकवताना हल्ली मी विद्यार्थ्यांना आणखी एक प्रश्न विचारतो: ज्या जमिनीवर हा लेखक उतरला, ती कोणाची होती, आणि तिला वाफसा आला होता का?