किराया कधी थांबवायचा?

सौसरला ज्या घरात आम्ही किरायाने राहत होतो, ते विकायचं आमच्या घरमालक काकांनी ठरवलं आणि सगळ्यांत आधी आम्हालाच विचारलं. मुलगा नागपुरात स्थायिक झालेला, काकूंना जिना चढवत नाही, म्हणून दोघं तिकडे निघाले होते. "बाहेरच्याला देण्यापेक्षा तुम्हीच घ्या भाऊ," काका म्हणाले. चहा संपेपर्यंत भाव ठरला. पुढचं मात्र मला काहीच कळत नव्हतं.

पहिला गोंधळ मालकीचा. किराया आम्ही काकांच्या हातात देत होतो, पण जुनी रजिस्ट्री निघाली ती त्यांच्या वडिलांच्या नावाची. ते वारले, मृत्युपत्र नाही. वकीलसाहेब म्हणाले, 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलींचा वाटा मुलांइतकाच. काकांच्या बहिणींनी एक तर रजिस्टर हक्कत्याग करावा, नाहीतर विक्रेत्या म्हणून सोबत सही करावी. एक बहीण काटोलला, दुसरी मुलताईला. काका गप्प झाले. ज्या घरात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, ते त्यांच्या हातात काही न पडता माझ्याकडे यावं, हे मला पटत नव्हतं. मी तसं बोललो. काकांनी वेळ घेतला, पण शेवटी दोघींचा हिस्सा त्यांच्या खात्यात जाईल असंच लिहिलं गेलं. या व्यवहारात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

दुसरा प्रश्न मी इसार देताना विचारला: आता किराया द्यायचा की थांबवायचा? काका म्हणाले, "घर तुमचंच झालं ना!" कायदा तसं म्हणत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराची मालकी रजिस्टर विक्रीपत्रानेच बदलते, इसारपत्राने नाही. इसार झाला म्हणून किरायेदारी आपोआप संपत नाही, करारात पक्षांनी काय ठरवलं ते पाहावं लागतं, असं सुप्रीम कोर्टाने 2019 मध्येही सांगितलं आहे. म्हणून आम्ही इकरारनाम्यात साफ लिहून घेतलं: रजिस्ट्रीपर्यंत किराया चालू, डिपॉझिट किमतीतून वजा. इसाराची रक्कम बँकेतूनच दिली. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रुपयांचा इसार रोखीने घेता येत नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

मग चतुःसीमा. जुन्या कागदात उत्तरेला "आम गल्ली". मी टेपचं एक टोक धरलं, काकांनी दुसरं, आणि गल्लीच्या जागी शेजाऱ्यांच्या न्हाणीची भिंत लागली. शेजारी बाहेर आले, म्हणाले, ही भिंत आमच्या वडिलांच्या वेळची. आम्ही वाद घातला नाही. भिंतीच्या अलीकडे भरलं तेवढंच माप विक्रीपत्रात घातलं, आणि काकांनी त्या पट्टीपुरता भाव कमी केला.

सगळीकडे हे इतक्या समजुतीने होत नाही: मुंबईत मालक आणि भाडेकरू यांच्यात घर कोणाचं व्हावं हा प्रश्न वेगळ्याच टोकाला गेला. 1986 साली म्हाडा कायद्यात तरतूद आली की, 70 टक्के रहिवाशांनी मागणी केली तर दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत मासिक भाड्याच्या 100 पट रकमेत त्यांच्यासाठी संपादित करता येईल. मालक कोर्टात गेले, आणि त्या वादावर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली. आमच्याकडे काकांनी स्वतःहून विचारलं, याची किंमत मला त्या मानाने जास्त जाणवली.

रजिस्ट्री पत्नीच्या नावाने केली. मध्य प्रदेशात बाईच्या नावावर घेतलं तर पंजीयन शुल्क 3 ऐवजी 1 टक्का लागतं. स्टॅम्प मात्र ठरलेला भाव आणि गाइडलाइन दर यांत जो जास्त, त्यावर. कागद सगळा हिंदीत. सर्विस प्रोवायडरने संगणकावर भरलेली प्रत्येक ओळ मी मोठ्याने वाचून काकांना आणि त्यांच्या दोन्ही बहिणींना मराठीत सांगितली, मगच सह्या झाल्या.

रजिस्ट्री झाली आणि घर पत्नीच्या मालकीचं झालं. काकांना किराया देणं तिथे संपलं. त्या महिन्याचा किराया काका घेईनात. तारखेपर्यंतचा हिशेब करून मी तो त्यांच्या खात्यात टाकला. आता नगरपालिकेत नामांतरणाचा अर्ज दिला आहे. तो मंजूर झाला की टॅक्सची पावती पत्नीच्या नावाने निघेल.