विरारहून आठ सरहद्दी

विरार गाडीत ज्याने पस्तीस वर्षे काढली त्या माणसाला पुन्हा प्रवासाची हौस कशी उरते, असे आमच्या घरातल्या मंडळींना नेहमी वाटते. त्यांचे चुकत नाही. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली आणि १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. त्यानंतर विरारकराने प्रवासाखेरीज दुसरे केले काय? पण आमचा सकाळच्या गाडीतला भजनी डबा निवृत्त झाला आणि एक विलक्षण गोष्ट घडली. आम्हांला एकमेकांवाचून करमेना. टाळ घरात, पेटी घरात, हाताशी वेळ भरपूर, आणि गाडी मात्र आमच्यावाचून सुटते आहे! तेव्हा वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून कुठे तरी जावे, असे ठरले.

यंदा ते 'कुठे तरी' फारच लांब जाणार होते. आमच्यातल्या एकाचा भाचा मध्य अमेरिकेत फिरून आला होता. नकाशा पसरून तो सांगू लागला: ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा. हे सगळे १८२१ साली स्पेनच्या तावडीतून सुटले, काही वर्षे एकत्र नांदले, मग भाऊबंदकी होऊन वेगळे झाले. आणि आता २००६ च्या करारामुळे परदेशी पाहुण्यालाही त्या चौघांत एकाच परवान्यावर नव्वद दिवस हिंडता येते. "सकाळी एका देशात न्याहारी, संध्याकाळी दुसऱ्यात जेवण!" भाचा म्हणाला. मग त्याने खर्चाचा आकडा सांगितला. डब्यात शांतता पसरली. ती नानांनी मोडली.

"अरे, एवढ्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा? आपल्या दमणला जाऊन या. न्याहारी विरारला केली, तर दुपारच्या जेवणाआत पाच-सहा सरहद्दी होतील."

नाना आमच्यात सर्वांत वडील; एकोणऐंशीचे. अर्नाळ्याकडच्या मांगेला कुटुंबातले. हा समाज वसईपासून पालघर, डहाणू, उंबरगाव ते थेट दमणपर्यंत किनाऱ्याने पसरलेला. सरहद्दी कुणीही आखल्या तरी त्यांची लग्ने होडीच्या वाटेने ठरत आली. नानांची आई दमणची. "नानांचे आजोळ नानी दमण" हा विनोद आम्ही पस्तीस वर्षे केला होता. नाना हसत, पण एवढ्या वर्षांत ते एकदाही तिकडे गेले नव्हते, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आले नव्हते.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी जीवदानीच्या डोंगराला हात जोडून आम्ही तेरा जण निघालो. गाडी भाड्याची, चालक वाड्याचा, आणि त्याचे पहिलेच वाक्य असे, "काका, बाटल्या आणायच्या असतील तर माझ्या शिटाखाली नाही हां!" आमच्या दोन वहिनींनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिले.

मनोर गेले, चारोटी गेले. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला गाडीतूनच नमस्कार झाला. तलासरीच्या पुढे रस्ता तसाच, झाडे तशीच, फक्त पाट्यांवरची अक्षरे शिरोरेषा सोडून बसली. "एक!" नाना म्हणाले. हा सगळा मुलूख एके काळी ठाणे जिल्ह्यातच होता. १९६० साली मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्यातली बरीच गावे गुजरातेत गेली, उरलेली आपल्याकडे राहिली. वाटणीत भांडी निघावीत तशी गावे निघाली.

भिलाडहून आत वळलो आणि नरोली आली. "दोन!" हा नगर हवेली प्रांत. इथला इतिहास विरार-वसईच्या माणसाने जरा मान खाली घालून वाचावा असा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीजांचा उत्तरेचा सुभा मोडला, हे आपल्याकडे शाळेतले पोरही सांगते. पुढचे सांगत नाही. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचे 'सांताना' नावाचे जहाज पकडले, आणि त्याची भरपाई म्हणून १७७९ च्या तहाने पुणे दरबारने बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना तोडून देण्याचे कबूल केले. १७८३ साली नगर हवेली त्यांच्या हाती गेली. १७८५ साली त्यांनी दादरा विकत घेतले. एका हाताने वसई घेतली, दुसऱ्या हाताने ही पोटातली गावे दिली! त्या गावांना समुद्र नाही, बंदर नाही. मालक दमणला, मध्ये दुसऱ्याचा मुलूख. भाड्याच्या खोलीचे मोरीघर शेजाऱ्याच्या घरातून जावे तशी ही व्यवस्था पावणेदोनशे वर्षे चालली.

ती मोडली १९५४ साली. जुलैत दादरा, मग नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा. मूठभर माणसे, हाती तुटपुंजी हत्यारे. त्यांत सुधीर फडके होते, राजा वाकणकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते. एरवी ज्यांच्या गळ्यातले सूर किंवा लेखणीतला शिवाजी आपण घरोघर ऐकला-वाचला, ती माणसे पावसात या रानातून चालत गेली होती! सिल्वासाच्या चौकात उभे राहून आमच्या पेटीवाल्यांनी हे सांगितले तेव्हा शेजारच्या चहावाल्याने कौतुकाने ऐकले आणि चहाचे पैसे मात्र तेराच्या तेरा कपांचे घेतले.

पुढे पोर्तुगालने भारतावर हेगच्या न्यायालयात दावा लावला की, आमच्या मुलखात जायला आम्हांला वाट द्या. निकाल लागला १२ एप्रिल १९६० रोजी. आमच्या विरार गाडीच्या वाढदिवशी! न्यायाधीशांनी सांगितले की, माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान यांना वाट होती; पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारे यांना नव्हती, आणि भारताने वाट अडवली त्यात त्याच्यावरच्या बंधनाचा भंग झाला नाही. त्या सात वर्षांत या चिमुकल्या मुलखाचा कारभार तिथल्या वरिष्ठ पंचायतीने चालवला. शेवटी भारतात सामील व्हायचे तर करारावर सही कुणी करावी? तेव्हा बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला ११ ऑगस्ट १९६१ रोजी एका दिवसापुरते पंतप्रधान करण्यात आले आणि त्यांनी सही केली. एका दिवसाचे पंतप्रधानपद! आमच्या डब्यात खिडकीची जागादेखील याहून जास्त दिवस टिकत असे.

सिल्वासाहून लवाछा लागले, म्हणजे पुन्हा गुजरात. तीन. मग दादरा, चार. पुन्हा गुजरात, पाच. दादरा येऊन कधी गेले ते कळलेही नाही, कारण तेवढ्यात कुणी तरी चकलीचा डबा उघडला होता. वापीचा धूर, कारखाने, मालमोटारी, आणि मग दमणची वेस. "सहा," नाना म्हणाले, पण या वेळी हळू. कारण दमणची वेस ओळखायला पाटी लागत नाही. गुजरातेत राज्य जन्मल्यापासून दारूबंदी, आणि इथे पहिल्या पावलापासून दुकानेच दुकाने.

दमण १५५९ पासून १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांचे. मध्ये दमणगंगा, दक्षिणेला मोटी दमण, उत्तरेला नानी. नावाने धाकटी ती नानी, पण बाजार, धक्का, गर्दी सगळी तिच्याकडे. मोटी आपली कोटाच्या आत कचेऱ्या आणि चर्च सांभाळून पेन्शनीत बसलेली. तिथले बॉम जीझस चर्च १६०३ चे. त्याची लाकडी कोरीव वेदी पाहताना आमच्यातल्या वसईच्या बाई एकदम गप्प झाल्या, म्हणाल्या, "आमच्या किल्ल्यातली चर्चं अशीच असतील नाही, छप्पर होतं तेव्हा?" त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते. नदीवरून जाताना चालकाने सांगितले की, २००३ च्या ऑगस्टात इथला जुना पूल कोसळला, शाळेची मुले गेली. पूल संपेपर्यंत कुणी बोलले नाही.

नानी दमणला आल्यावर नानांनी खिशातून घडीचा कागद काढला आणि तेव्हा कुठे आम्हांला सगळे कळले.

१९५४ नंतर दमणची वाट बंद झाली. इकडचा माणूस तिकडे नाही, तिकडचा इकडे नाही. नाना तेव्हा आठ वर्षांचे. १९५७ साली त्यांचे आजोबा वारले. बातमी आली ती समुद्रातून. अर्नाळ्याची होडी आणि दमणची होडी मासेमारीत भेटल्या, आणि तिकडच्या तांडेलाने ओरडून सांगितले. तोवर तेरावाही होऊन गेला होता. आईने अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उत्तरेकडे तोंड करून आंघोळ केली. दमण मुक्त झाल्यावर, १९६२ साली, ती एकटी माहेरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी परत आली. "काय झालं ते मरेपर्यंत सांगितलं नाही," नाना म्हणाले. "आई गेली नाही म्हणून मी गेलो नाही. मग नोकरी. मग..." पुढचे त्यांनी हातानेच सांगितले.

कागदावर आईने कधी तरी सांगितलेल्या खुणा होत्या: धक्का, पिंपळ, विहीर. धक्का होता. पिंपळ नव्हता. घराच्या जागी तीन मजली इमारत, वर 'खोल्या मिळतील', खाली दारूचे दुकान. आमच्यातले दोघे आपले काम झाले अशा चेहऱ्याने दुकानाकडे पाहू लागले. तेवढ्यात बोळातून एक म्हातारी बाई बाहेर आली.

"कोनुं घर जोइए छे?"

नानांनी आजोबांचे नाव घेतले. बाईंनी त्यांना खालून वर पाहिले. "अर्नाळावाळी फोईचा पोऱ्या?"

त्या नानांच्या मामाच्या सून. मागच्या अंगणात नेऊन त्यांनी आम्हांला बसवले. विहीर तिथे होती. वर लोखंडी जाळी, आत पंपाचा पाइप. एवढ्यात त्यांचा मुलगा आला, पन्नाशीचा, गळ्यात साखळी. त्याने तेरा माणसे पाहिली, नानांच्या हातातला कागद पाहिला, आणि त्याचा चेहरा आवळला. दमणला आता जागेला काय भाव आहे हे आम्हांला विरारकरांना सांगायला नको! "काका, कशासाठी आलात?" त्याने विचारले. शब्द सभ्य होते.

"पाणी प्यायला," नाना म्हणाले.

मुलाने बाटलीबंद पाण्याची बाटली मागवली. "ते नको. विहिरीचं."

"ते खारं झालंय, काका. पिववत नाही."

म्हातारी मात्र उठली. जाळीची कडी तिनेच काढली. पोहरा सोडता सोडता ती बोलू लागली, अर्धे गुजराती, अर्धे आमचे. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची, शेजारच्याच घरातली; पुढे याच घरात सून म्हणून आली. "फोई आली. दारातच भावाने कागद पुढे केला. घरावरचा हक्क सोडल्याचा. चहा नाही, पाणी नाही, आधी कागद. तिने अंगठा दिला. मग इथे या कठड्यावर बसली संध्याकाळपर्यंत. वहिनीने ताट आणलं, शिवली नाही. पाणी आणलं, तेही नाही. म्हणाली, मी बापाला पाणी द्यायला आले होते."

पोहरा वर आला. नानांनी ओंजळ धरली. पाणी खारे होते हे त्यांच्या तोंडावरून दिसले. पण ते थांबले नाहीत. मुलगा बाजूला उभा होता. त्याने खिशातला फोन काढला, परत ठेवला, मग खाली गेला आणि दुकानातली एक रिकामी बाटली स्वतः विसळून, खळखळून घेऊन आला. "काका, घेऊन जायचं असेल तर," एवढेच म्हणाला. म्हातारीने ती भरून दिली, आणि नानांच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून बोटे मोडली.

जव्हारला जाऊन राजवाडा पाहायचे ठरले होते; ते राहिले. कुणी कुरकुर केली नाही.

सातव्या सरहद्दीवर, म्हणजे दमणहून पुन्हा गुजरातेत शिरताना, तपासणीच्या नाक्यावर शिपायाने गाडी थांबवली. टॉर्च फिरला. आमचे दोघे अट्टल निर्दोष चेहऱ्याने बसले होते. ते खरेच निर्दोष होते, कारण वहिनींनी त्यांना दुकानाच्या पायरीवरून परत आणले होते. टॉर्च नानांच्या मांडीवर थांबला. व्हिस्कीची बाटली, काठोकाठ.

"काका! या वयात?"

"पाणी आहे," नाना म्हणाले.

"सगळे हेच सांगतात." त्याने बूच काढून वास घेतला. पुन्हा घेतला. तळहातावर चार थेंब ओतून जिभेला लावले आणि थूः करून थुंकला. "खारुं पाणी! समुद्राचं पाणी कुणी बाटलीत नेतं का?"

"समुद्राचं नाही. आईच्या माहेरचं."

शिपाई जरा वेळ टॉर्च धरून उभा राहिला. मग त्याने बूच घट्ट बसवले, बाटली स्वतःच्या रुमालाने पुसली आणि दोन्ही हातांनी परत दिली.

आठवी सरहद्द मोजायची कुणाला आठवण राहिली नाही. पाट्यांवर शिरोरेषा केव्हा परत आल्या ते बाहेरच्या अंधारात दिसलेही नाही. पेटीवाल्यांनी हलकेच भैरवी धरली होती, आणि मागच्या बाकावर नाना झोपले होते, बाटली मांडीवर, एक हात बुचावर.